रुमालाची गाठ सोडा

श्राद्धाच्या संकल्पात तीन पिढ्यांची नावे घ्यायची असतात. पिता, पितामह, प्रपितामह. गुरुजी पणजोबांपाशी थांबतात आणि बहुतेक घरांची आठवणही तिथेच थांबते. त्या पणजोबांचे वडील कोण, मूळ गाव कोणते, ते का सोडले, आडनाव कधी बदलले, हे सांगणारे माणूस आता घरात राहिलेले नसते. कागद मात्र पुष्कळ घरांत अजून आहे. माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत, जुन्या फडताळात, देवघराच्या मागच्या कोनाड्यात लाल खारव्याच्या रुमालात बांधलेले दफ्तर पडून आहे. वर्षातून एकदा दिवाळीच्या साफसफाईत त्याची धूळ झटकली जाते आणि गाठ न सोडताच ते परत जागेवर ठेवले जाते.

त्या गाठीसाठीच हा लेख आहे. ती सोडा, आतल्या प्रत्येक कागदाचा नीट फोटो घ्या आणि तो फोटो घराण्याच्या प्रत्येक शाखेत पोचवा. फोटो काढून स्वतःजवळ ठेवला तर काम अर्धेच झाले. एका ट्रंकेतला कागद एका पुरात जातो, तसा एका मोबाइलमधला फोटो एका चोरीत जातो. दहा घरांत पोचलेला फोटो मात्र टिकतो.

जुने कागद म्हटले की लोकांना सनद, इनामपत्र, वतनाचा महजर आठवतो. शिक्का असलेला कागद जपून ठेवायचा आणि बाकीचा कचरा समजायचा, अशी आपली सवय आहे. मला ही सवय घातक वाटते. सनदेची नोंद सरकारदरबारी सापडण्याची थोडीतरी आशा असते. १८५२ साली स्थापन झालेल्या इनाम कमिशनने गावोगावची इनामे तपासली, आणि पुण्याच्या पेशवे दफ्तरात आजही कोट्यवधी मोडी कागद सांभाळलेले आहेत. पण तुमच्या आजेसासूबाईंच्या लग्नाच्या खर्चाची यादी जगात एकाच ठिकाणी आहे, ती म्हणजे तुमच्या ट्रंकेत. साखर किती शेर आणली, वाजंत्री कुठल्या गावचे, कोणाला पातळ आणि कोणाला खण दिला, हे त्या यादीत असते. आणि एक फार मोठी गोष्ट असते. वंशावळीत मुलगे, नातू, पणतू उतरत्या क्रमाने येतात. लेकी-सुनांना तिथे बहुधा जागाच नसते. आहेराच्या यादीत मात्र त्या असतात. आत्या, मावशी, थोरल्या जाऊबाई, माहेरची मंडळी, सगळ्या. ज्या बाईचे नाव घराण्याच्या छापील इतिहासात कुठेच नाही, ते एखाद्या खणाच्या हिशेबात सापडते.

तसेच रोजकीर्द, खतावणी, गहाणखत, वाटणीपत्र, जन्मटिपण, शिक्षणासाठी पुण्यामुंबईला गेलेल्या मुलाने वडिलांना लिहिलेली पोस्टकार्डे, मनिऑर्डरच्या पावत्या. यातला एकही कागद फेकण्यासारखा नाही.

‘आमच्याकडे कुठले आले दफ्तर, आम्ही काही इनामदार नव्हतो,’ असे म्हणून अनेक जण हा विषय सोडून देतात. त्यांच्यासाठी मुद्दाम लिहितो. मुंबईत १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला आणि गिरणगाव पुन्हा पूर्वीसारखे झाले नाही. पुढे गिरण्यांच्या जमिनीवर कामगारांसाठी घरे बांधण्याची योजना आली, तेव्हा वडील गिरणीत होते हे सिद्ध करायची वेळ वारसांवर आली. गिरणीचे ओळखपत्र, तिकीट नंबर, हजेरीची नोंद, भविष्य निर्वाह निधीची चिठ्ठी, विमा योजनेचे कार्ड, असले काही जपले होते त्यांना अर्ज करता आला. ज्या घरांत ‘बाबा गेले, आता हे कशाला’ म्हणून सगळे रद्दीत घातले गेले, त्यांना नाही. चाळीतल्या खोलीतला तो चुरगळलेला पास हाच त्या घराचा इतिहास होता आणि हक्कही.

जातीच्या दाखल्याची पडताळणी ज्यांनी केली आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७, या तारखांच्या आधीचा पुरावा मागितला जातो. तेव्हा आजोबांच्या शाळेच्या प्रवेश-निर्गम रजिस्टरचा उतारा, कोतवाल बुकातली जन्ममृत्यूची ओळ, एखादे जुने खरेदीखत यांच्यामागे माणसे महिनोन्‌महिने फिरतात. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीने कुणबी नोंदींचा शोध सुरू केला. आधी मराठवाड्यात आणि मग राज्यभर तहसीलांच्या अभिलेख कक्षांतले गठ्ठे सुटू लागले आणि मोडी व उर्दू वाचणाऱ्यांना एकाएकी मागणी आली. या नोंदींमागच्या आरक्षणाच्या राजकारणाबद्दल ज्याचे त्याचे मत असू द्या. त्या वेळी सगळ्या महाराष्ट्राला एक गोष्ट कळली: पणजोबांच्या नावाची एक ओळ नातवंडांचे शिक्षण आणि नोकरी ठरवू शकते. ती ओळ आपल्याच चुलत्याच्या कपाटात आहे आणि आपल्याला ठाऊक नाही, असे होता कामा नये. एका भावाच्या मुलाने पडताळणीसाठी मिळवलेला उतारा दुसऱ्या भावाच्या मुलीलाही लागणार असतो. तो मिळाला त्याच दिवशी सगळ्यांकडे गेला पाहिजे.

आता कागद जातात कसे, ते पाहू. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि मुठेचे पाणी पुण्याच्या नदीकाठच्या पेठांत शिरले. माणसे, घरे, दुकाने गेली त्याची नोंद आहे. त्या वाड्यांच्या खालच्या मजल्यावर ठेवलेल्या दफ्तरांची मोजदाद कोणी केली नाही. मोडी कागदांवरची काजळाची शाई शंभर-दोनशे वर्षे उन्हाउजेडात काळीभोर राहते, पण पाण्यापुढे तिचे काही चालत नाही. त्याआधी १९४८च्या गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत पश्चिम महाराष्ट्रातल्या कित्येक घरांबरोबर त्यांची दफ्तरे जळाली. चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरात २००५ च्या पुराचे पाणी शिरले आणि २२ जुलै २०२१ ला पुन्हा शिरले. दीडशे वर्षांच्या, जीव लावून सांभाळलेल्या ग्रंथालयाची ही गत, तर नदीकाठच्या साध्या घरातल्या ट्रंकेचे काय झाले असेल? पूर आणि आग यांची निदान बातमी तरी होते. वाळवी आणि कसर यांची होत नाही. आणि माझ्या मते आज सर्वांत जास्त कागद घर बदलताना जातात. वाडा बिल्डरला दिला, दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये जायचे आहे, ट्रंक ठेवायला जागा नाही, मोडी कोणाला वाचता येत नाही, रद्दीवाला दारात उभा आहे. पंधरा मिनिटांत दोनशे वर्षांचा निकाल लागतो.

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड काढला. त्यात १७५० ते १७६१ या काळातली, म्हणजे पानिपतापर्यंतची पत्रे होती. ती वाईच्या एका घरात सापडली होती. पुढे त्या मालेचे बावीस खंड झाले, आणि त्यातला फार मोठा भाग अशाच घराघरांतून, वाड्यावाड्यांतून, दारोदार हिंडून मिळवलेला होता. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले, राजवाड्यांच्या मृत्यूनंतर १९२७ मध्ये धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळ निघाले, ते याच कागदांच्या ओढीने. राजवाड्यांच्या वाटेत सर्वांत मोठा अडथळा कोणता होता? दफ्तर असलेली घरे ते दाखवायला तयार नसत. आज सव्वाशे वर्षांनी तीच भीती तशीच आहे, म्हणून तिच्याबद्दल उघड बोलू या.

भीती भाऊबंदकीची आहे. कागद बाहेर गेला तर कोणी हिस्सा मागेल, वाटणीचा वाद उकरून काढेल, कूळकायद्यात गेलेल्या जमिनीवर नव्याने दावा ठोकेल. ही भीती खोटी आहे असे मी म्हणणार नाही. पण नीट विचार करा. जमिनीचा हक्क आज फेरफार, सातबारा आणि नोंदणीकृत दस्त यांवर ठरतो, आणि जुने सातबारे व फेरफार तर शासनाने स्वतःच स्कॅन करून ‘आपले अभिलेख’ या संकेतस्थळावर ठेवायला घेतले आहेत. ज्याला वाद घालायचा आहे त्याला तुमच्या ट्रंकेची गरज नाही. ट्रंक बंद ठेवून वाद टळत नाही. फक्त आजोबांचे पत्र कुजते. खरोखरच न्यायालयात चालू असलेल्या वादाचा कागद असेल तर तेवढा बाजूला ठेवा, वकिलाला विचारा, आणि बाकीचे नव्वद टक्के दफ्तर मोकळे करा. मूळ कागद ज्याच्या घरी आहे त्याच्याच घरी राहू द्या. तो मागितला की दार बंद होते. फोटो मागितला तर बहुतेक घरांत चहाही मिळतो.

फोटो काढायला मोठी यंत्रणा लागत नाही. चार हजार गुणिले तीन हजार ठिपक्यांचा साधा मोबाइल कॅमेरा ए-फोर आकाराच्या कागदाची प्रतिमा इंचाला तीनशेहून अधिक ठिपक्यांची देतो, आणि वाचण्यासाठी तेवढी पुरते. जुनी छायाचित्रे मात्र जमल्यास स्कॅनरवर सहाशेला करावीत. खिडकीजवळ, सकाळच्या उजेडात, पण थेट ऊन पडणार नाही अशा जागी टेबल घ्या. फ्लॅश बंद ठेवा. कागदाखाली गडद रंगाचे कापड अंथरा, म्हणजे फाटलेल्या कडा नीट दिसतात. शेजारी एक मोजपट्टी ठेवा, म्हणजे पन्नास वर्षांनी पाहणाऱ्याला कागद केवढा होता ते कळेल. मोबाइल कागदाच्या बरोबर वर, आडवा-तिरका न होता धरा. आणि पाठ विसरू नका. लांब कागद तुकडे जोडून केलेले असतात, त्यांच्या सांध्यावर अनेकदा मागून शिक्का असतो. पत्राच्या पाठीवर पत्ता, पावल्याची तारीख, एखादा हिशेब असतो. कोरी दिसणारी पाठही टिपा.

त्याआधी कागद हाताळायचा कसा, हेही सांगायला हवे, कारण प्रेमापोटी केलेल्या चुकाच जास्त नुकसान करतात. घडीवर फाटलेला कागद चिकटपट्टीने जोडू नका. काही वर्षांत ती पिवळी पडते आणि डाग सोडते. लॅमिनेशन तर अजिबात करू नका. त्या उष्णतेने आणि प्लास्टिकने कागद कायमचा अडकतो, पुन्हा मोकळा करता येत नाही. घट्ट गुंडाळी जोराने उलगडू नका. ओल आलेले गठ्ठे उन्हात टाकू नका, पंख्याच्या वाऱ्यात सावलीत सुकवा. थुंकी लावून पाने उलटणे आजच सोडा.

फोटोला नाव देण्याचा कंटाळा लोक करतात आणि तिथेच काम फुकट जाते. मोबाइलने दिलेल्या आकड्यांच्या नावाखाली पडलेले चारशे फोटो म्हणजे न सोडलेला रुमालच. आडनाव, गाव, कागदाचा प्रकार, साल, पान क्रमांक, एवढे नावात असले की पुरे. साल कागदावर असेल तसेच लिहा. जुन्या कागदांत शक येतो, फसली येतो, सुहूर सन येतो, राज्याभिषेक शकही येतो. शकात ७८ मिळवले की साधारण इसवी सन निघतो, फसलीत ५९० आणि सुहूरमध्ये ५९९ मिळवावे लागतात, आणि वर्षारंभ वेगवेगळे असल्याने एखाद्या वर्षाचा फरक पडतो. म्हणून मूळ आकडा आधी, तुमचे गणित त्याच्यापुढे. छायाचित्रांच्या बाबतीत घाई करा. गटात उभ्या असलेल्या सोळा जणांपैकी कोण कोण, हे घरातली सर्वांत वयस्कर आत्या सांगू शकते. तिच्यासमोर फोटो ठेवा, मोबाइलवर आवाज ध्वनिमुद्रित करा आणि ती बोलेल ते बोलू द्या. कागद वाट पाहील, आत्या कदाचित पाहणार नाही.

आता वाटण्याबद्दल. कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर फोटो टाकला म्हणजे पाठवला, असे समजू नका. तिथे तो आकसतो, बारीक अक्षर पुसट होते, आणि आठवड्याभरात शुभसकाळच्या चित्रांखाली गाडला जातो. पाठवायचाच असेल तर दस्तऐवज म्हणून जोडून पाठवा, म्हणजे मूळ आकारात जातो. त्यापेक्षा चांगले म्हणजे सगळा संच तीन ठिकाणी ठेवा: एक घरातल्या हार्ड डिस्कवर, एक इंटरनेटवरच्या साठवणीत, आणि एक दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाकडे. इंटरनेटवरची साठवण एकट्याच्या खात्यात ठेवू नका. दोन वर्षे न वापरलेली खाती काढून टाकण्याचे धोरण गूगलने जाहीर केलेले आहे. बाबांनी हौसेने जमवलेले सगळे बाबांच्या खात्याबरोबर जाऊ शकते, आणि पासवर्ड कोणालाच ठाऊक नसतो. घराण्यातल्या निदान तिघांना प्रवेश असू द्या, त्यातला एक तरी पंचविशीच्या आतला असावा. सीडीवर केलेल्या जुन्या प्रती असतील तर त्या या महिन्यातच उतरवून घ्या. सीडी चालवणारे यंत्र घरात शोधावे लागते अशी वेळ आलीच आहे. एक मर्यादा मात्र पाळा. हयात माणसांचे आधार, बँकेचे कागद, दत्तकविधान, आजारपणाच्या नोंदी असल्या गोष्टी घराबाहेर जाऊ देऊ नका.

मोडी येत नाही, ही सबब मला सर्वांत जास्त ऐकू येते. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मराठी माणसाचा रोजचा व्यवहार ज्या लिपीत होता ती आज त्याच्याच नातवाला परकी आहे, हे दुःख खरेच आहे. पण फोटो काढायला मोडी यावी लागत नाही. आधी टिपा, वाचायचे नंतर पाहू. राज्याचे पुराभिलेख संचालनालय मोडीचे प्रशिक्षण वर्ग घेते, संशोधन मंडळांत जाणकार आहेत. २०१४ पासून मोडी अक्षरांना युनिकोडमध्ये जागा मिळाली आहे, आणि आयआयटी रुरकीच्या संशोधकांनी २०२५ मध्ये मोडी हस्तलिखिताचे देवनागरी करणारे संगणकीय प्रारूप मांडले. अशा यंत्रांना शिकण्यासाठी प्रतिमाच लागतात, वेगवेगळ्या हातांच्या, वेगवेगळ्या काळांच्या. तुमच्या गावच्या कुलकर्ण्याचे अक्षर त्यात नसेल तर यंत्राला ते कधीच वाचता येणार नाही.

घरात काहीच नाही, अशी खात्री झाली तरी शोध संपत नाही. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर, गया, काशी इथल्या तीर्थोपाध्यांकडे पिढ्यान्‌पिढ्यांच्या वह्या आहेत. यात्रेला आलेल्या माणसाने स्वतःच्या हाताने लिहिलेले नाव त्यात भेटते. सांगली-कोल्हापूर-सोलापूरकडे हेळवी अजून घराण्यांच्या वंशावळी सांगत येतात. त्यांचा मान राखा, दक्षिणा द्या, आणि परवानगी घेऊनच आपल्या घराण्याच्या पानाचा फोटो घ्या; ती वही हे त्यांचे पोट आहे. युटातल्या जेनिऑलॉजिकल सोसायटीने हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्या काही दशकांपूर्वीच मायक्रोफिल्मवर घेतल्या. आज फॅमिलीसर्च नावाने काम करणाऱ्या या संस्थेने आपल्या संग्रहातली २४ लाखांहून अधिक रिळे २०२१ पर्यंत डिजिटल केली. सातासमुद्रापलीकडच्या लोकांनी हरिद्वारसाठी हे केले. गोदावरी आणि चंद्रभागेच्या काठच्या वह्यांसाठी उपाध्ये मंडळी, विद्यापीठे आणि शासन यांनी एकत्र बसून हे करायला हवे, आणि ती मागणी तुम्हीआम्ही लावून धरायला हवी.

हे काम फक्त महाराष्ट्रात राहणाऱ्यांचे नाही. एकोणिसाव्या शतकात कोकणातून करारावर मॉरिशसच्या उसमळ्यांत गेलेल्या माणसांच्या नोंदी तिथे मोका येथील महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये जपल्या आहेत, आणि त्यांचे वंशज त्या पाहून इकडचे गाव शोधतात. त्या धाग्याचे दुसरे टोक रत्नागिरीतल्या एखाद्या घरात असू शकते. रायगडच्या किनाऱ्यावरून इस्रायलला गेलेले बेने इस्रायल, तंजावरला तीनशे वर्षांपूर्वी स्थायिक झालेली मराठी घराणी, पोर्तुगीज आणि मराठी दोन्ही भाषांतले दस्त सांभाळणारी गोव्यातली कुटुंबे, या सगळ्यांच्या ट्रंकांत एकमेकांची उत्तरे पडलेली आहेत. ती एकमेकांना दिसली तरच जुळतील.

ज्यांच्याकडे खूप कागद आहेत त्यांनी एकट्याने भार घेऊ नये. जवळच्या संशोधन संस्थेला किंवा महाविद्यालयाच्या इतिहास विभागाला बोलवा, विद्यार्थ्यांना हाताशी घ्या. ज्यांच्याकडे चारच कागद आहेत त्यांनी आजच सुरुवात करावी. तासाभराचे काम आहे.

येत्या गणपतीत, दिवाळीत, गावच्या जत्रेला सगळे भाऊबंद एकत्र येतील. त्या दिवशी जेवणे झाल्यावर ट्रंक खाली उतरवा, खिडकीशी टेबल लावा, घरातल्या कॉलेजच्या मुलीच्या हातात मोबाइल द्या आणि आत्याला शेजारी खुर्ची द्या. रात्री निजण्यापूर्वी निघालेला सगळा संच प्रत्येक घरातल्या एका तरी माणसाकडे पोचवा. ज्या चुलत्याशी दहा वर्षे बोलणे नाही, त्यालाही पाठवा. तो पणजोबा त्याचाही आहे.